"तुम्ही कोणत्या चर्चला जाता?" : अमेरिकेच्या दक्षिणेतल्या छोट्या गावात नव्याने आलेल्या मराठी कुटुंबासाठी

२०१८च्या ऑगस्टमध्ये आम्ही अलाबामाच्या आग्नेय कोपऱ्यात राहायला आलो. या भागाला वायरग्रास म्हणतात. नवरा बालरोगतज्ज्ञ आहे. जे-वन व्हिसावर शिकलेल्या परदेशी डॉक्टरला दोन वर्षं मायदेशी परतायच्या अटीतून सूट हवी असेल, तर डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षं काम करावं लागतं. त्यामुळे हे गाव आमच्या वाट्याला आलं. वस्ती आठ हजारांच्या आत, मुख्य रस्त्यावर दोन सिग्नल आणि चर्च मोजत गेले तर बाविसाव्याला मी नाद सोडला.

पहिल्याच आठवड्यात टपालवाली, शाळेतली क्लार्क आणि वॉलमार्टच्या रांगेतल्या एक आजी, तिघींनी मला एकच प्रश्न विचारला: "तुम्ही कोणत्या चर्चला जाता?" मला तो भोचकपणा वाटला. आपल्याकडे गाडीत शेजारी बसलेला माणूस "आडनाव काय? मूळ गाव कोणतं?" विचारतो, हे त्याचंच दक्षिणेतलं रूप आहे हे कळायला मला वर्ष लागलं. तुम्ही कुणाचे, कोणत्या गोतातले, अडीअडचणीला कोण धावून येणार, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं असतं.

डॉक्टर, मोटेलवाले, गाड्यांच्या कारखान्यांतले इंजिनिअर अशी बरीच आपली माणसं या गावांत येतात आणि वर्षभर घरात बसून कंटाळतात. मी एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोच्या व्हिसावर होते, त्यामुळे नोकरी करता येत नव्हती. जे शिकले ते धडपडत शिकले, ते इथे क्रमाने लिहिते.

१. उत्तर आधीच पाठ करून ठेवा

"आम्ही हिंदू आहोत. आमचं देऊळ बर्मिंगहॅमजवळ पेल्हमला आहे, तीन तासांवर. म्हणून रोजची पूजा घरीच करतो." एवढं हसून सांगा. देऊळ तीन तासांवर आहे हे ऐकल्यावर समोरचा माणूस खरोखर हळहळतो.

"आम्ही फारसं काही मानत नाही" असं मात्र सांगू नका. नास्तिक असाल तर तुमचा प्रश्न, पण पहिल्या भेटीत ते सांगितलं की समोरच्याला वाटतं, जागा रिकामी आहे आणि ती भरायची जबाबदारी आपली. वेगळा देव असलेल्या माणसाचं इथे एकवेळ चालतं, देवच नसलेल्याची काळजी वाटते.

त्यानंतर बहुतेक वेळा "आमच्याकडे या ना एखाद्या रविवारी" असं आमंत्रण येतं. एकदा जायला हरकत नाही. जायचं नसेल तर "आमंत्रण दिलंत, बरं वाटलं" म्हणा आणि थांबा. कारणं देत बसू नका. "रविवारी मुलाचा क्लास असतो" म्हणालात, तर बुधवारचं आमंत्रण येईल.

२. कोणतं चर्च कसलं, हे ढोबळ समजून घ्या

गावाच्या मध्यावर चौकाजवळ सहसा दोन मोठी चर्च असतात, फर्स्ट बॅप्टिस्ट आणि फर्स्ट मेथडिस्ट. डॉक्टर, बँकवाले, शाळेचे मुख्याध्यापक बहुतेक या दोहोंपैकी एकात. बॅप्टिस्टांमध्ये बाप्तिस्मा म्हणजे पाण्यात पूर्ण बुडवणं, तेही माणूस स्वतः ठरवेल तेव्हा. मेथडिस्ट तान्ह्या बाळाच्या कपाळावर पाणी घालतात. चर्च ऑफ ख्राइस्टमध्ये वाद्यं नसतात, सगळं गाणं नुसत्या गळ्यावर. ऐकायला मला तेच सर्वांत आवडलं. पेंटेकोस्टल चर्चमध्ये लोक मोठ्याने प्रार्थना करतात, अंगात आल्यासारखे हलतात. वारीत वाढलेल्या माणसाला त्यात दचकण्यासारखं काही नाही.

एखाद्या मेथडिस्ट चर्चच्या पाटीवरून "युनायटेड" शब्द खरवडलेला दिसला तर का म्हणून विचारू नका. समलिंगी विवाह आणि समलिंगी पाद्री यांवरून २०२२-२३च्या सुमारास दक्षिणेतली पुष्कळ चर्च मूळ "युनायटेड मेथडिस्ट" संघटनेतून बाहेर पडली. मतदानात भाऊ एकीकडे आणि बहीण दुसरीकडे, असं झालेली घरं आमच्या गावात आहेत.

३. पहिल्यांदा आत जाताना

"संडे स्कूल" ऐकून मुलांची शाळा समजू नका. तो वर्ग मोठ्यांसाठीही असतो, वयाप्रमाणे वेगवेगळा. साधारण पावणेदहाला संडे स्कूल, अकराला मुख्य उपासना. सव्वाअकराला पोहोचलात तर सगळं चर्च वळून बघेल आणि तुम्हाला सर्वांत पुढच्या बाकावर जागा मिळेल, कारण मागचे बाक आधी भरतात.

चपला काढायच्या नाहीत. डोकं झाकायचं नाही. साडी नेसलीत तर कौतुक होईल आणि पुढचा अर्धा तास त्यावरच बोलणं होईल.

दानाचं तबक फिरतं. पाहुण्याने काही टाकायची अपेक्षा नसते, ते पुढे सरकवायचं. कधी कधी मग पाव आणि छोट्या पेल्यांतला द्राक्षाचा रस येतो. तो प्रसाद नाही, ख्रिस्ती माणसाचा संस्कार आहे. काही न उचलता तबक शांतपणे शेजाऱ्याकडे द्या. कुणाला वाईट वाटत नाही. उलट प्रसाद समजून तोंडात टाकलात तर ते अवघडतात. (तो रसच असतो, वाइन नाही. १८६९मध्ये वेल्च नावाच्या एका मेथडिस्ट दंतवैद्याने द्राक्षाचा रस न आंबता टिकवायची युक्ती काढली, ती मुळात याच कारणासाठी. याच धर्तीवर दुसरी सूचना: कुणाकडे जेवायला जाताना वाइनची बाटली नेऊ नका. अलाबामात वर्धा-गडचिरोलीसारखी दारूबंदी असलेले भाग अजून आहेत, आणि बंदी नसली तरी बॅप्टिस्ट घरात बाटलीचं काय करावं हे यजमानीणबाईंना कळत नाही.)

सगळ्यात मोठा सापळा शेवटच्या गाण्याला. पाद्री म्हणतो, ज्याला वाटेल त्याने पुढे यावं. बसलेल्यांतून एखाद-दुसरं उठून पुढे जातं. याचा अर्थ "मी येशूला स्वीकारलं" किंवा "मला या चर्चचा सदस्य व्हायचंय" असा होतो. मला हे ठाऊक नव्हतं आणि माझ्या पाच वर्षांच्या मुलाला तर मुळीच नाही. लोक पुढे चाललेत म्हणजे खाऊ वाटतायत, असं समजून तो हात पुढे करून धावत सुटला. त्याच्यामागे मी. पाद्री गुडघे टेकून त्याच्याशी बोलू लागला, मागून दोघातिघांनी "आमेन" म्हटलं, आणि मी तीनशे माणसांसमोर उभी. पाद्रीच्या कानाशी वाकून मी म्हटलं, "त्याला वाटलं प्रसाद आहे." त्याला प्रसाद शब्द कळला नाही, पण पसरलेला चिमुकला तळवा कळला. पहिल्या बाकावरच्या आजींनी पर्समधून पेपरमिंटची गोळी काढून त्यावर ठेवली. मुलाचं काम झालं.

बाहेर पडताना पाहुण्यांचं कार्ड भरायला देतात. त्यावर पत्ता लिहिलात तर त्याच आठवड्यात दोन माणसं केक घेऊन दारात येतील. हवी असेल तर ओळख वाढवायची ही चांगली संधी आहे. नको असेल तर फक्त नाव लिहा.

४. रविवार विसरा, बुधवार धरा

माझा खरा शिरकाव रविवारी झालाच नाही, बुधवारी झाला. बुधवारी संध्याकाळी मोठ्या चर्चमध्ये जेवण असतं. पाच-सात डॉलर द्यायचे, कुणीही यावं. नंतर प्रार्थना आणि मुलांचे वर्ग असतात, पण जेवून निघून गेलात तरी चालतं. आमच्या शाळेतले मास्तरही बुधवारी गृहपाठ कमी देतात.

मी मुलांच्या पाळणाघरात मदत करू म्हणून विचारायला गेले. मुलांबरोबर काम करायचं तर पार्श्वभूमी तपासतात, आणि त्या फॉर्मवर सोशल सिक्युरिटी नंबर होता. कामाचा परवाना नसलेल्या एच-फोरवाल्याला तो नंबर मिळत नाही. क्लार्कबाई ओशाळल्या. म्हणाल्या, "स्वयंपाकघरात मात्र कसलाही नंबर लागत नाही." दीडशे माणसांचे बटाटे सोलता सोलता मला गावातल्या निम्म्या घरांचा इतिहास कळला.

एक सावधगिरी: जिथे इतरांना पगार मिळतो तिथे तेच काम फुकट करू नका, उदाहरणार्थ चर्चच्या बालवाडीत. व्हिसाच्या दृष्टीने ते अंगाशी येऊ शकतं. सगळेच जिथे सेवा म्हणून राबतात, तिथे राबा.

५. शाकाहारी असाल तर हे दोनदा वाचा

तीन महिने मी बुधवारच्या फरसबीवर ताव मारत होते. काय चव, काय मऊपणा! चौथ्या महिन्यात ती शिजवायची पाळी माझ्यावर आली आणि हातात कृतीचा कागद आला. पहिली ओळ: बेकन.

"यात मांस आहे का?" असं विचारलंत तर खरेपणाने "नाही" असं उत्तर येतं. चवीपुरता घातलेला डुकराच्या मांसाचा तुकडा त्यांच्या हिशेबी मांस नव्हे, आपण फोडणीला हिंग घालतो तसं ते आहे. म्हणून नाव घेऊन विचारा: बेकन, हॅम, चरबी, गोमांसाचं किंवा चिकनचं पाणी? फरसबी, कोलार्डची पालेभाजी, चवळी यांत बहुधा असतंच. मक्याच्या पावात चरबी असू शकते. जेलीत जिलेटिन (जनावरांच्या हाडा-कातड्यांतून काढलेलं), आणि रताळ्यावर वितळवलेल्या मार्शमेलोतही जिलेटिन. भाज्यांचं सूप गोमांसाच्या पाण्यात. निर्धास्त खावं असं थोडंच: कापलेले टोमॅटो, फळं, आणि अंडं चालत असेल तर पिमेंटो चीजचं सँडविच (चीज, लाल मिरची आणि अंड्याचं मेयोनेज) आणि मसाला भरलेली अर्धी अंडी. गोड चहा म्हणजे बर्फ घातलेला पाक.

आणि उकडलेल्या शेंगा! रस्त्याकडेला मोठ्या पातेल्यात मिठाच्या पाण्यात शेंगा उकळत असतात. मी यवतमाळची. पहिल्यांदा ती ओली, खारी शेंग दातांनी फोडली तेव्हा गाडीतच रडू आलं. हा भागही एकेकाळी कापसाचाच. गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकात बोंड पोखरणाऱ्या सोंड्या किडीने कापूस संपवला आणि शेतकरी भुईमुगाकडे वळले. जवळच्या एंटरप्राइज गावात भर चौकात १९१९पासून त्या किडीचं स्मारक उभं आहे: हात उंचावलेली बाई, आणि १९४९पासून तिच्या हातांवर भला मोठा किडा. आपल्या बोंडअळीचा पुतळा कुणी यवतमाळात उभारेल असं वाटत नाही, पण ही गोष्ट सांगितल्यापासून गावातले म्हातारे शेतकरी माझ्याशी पिकांवर तासन्‌तास बोलतात.

अंगतपंगतीला काय न्यावं? लिंबूभात किंवा जिऱ्याचा भात, तिखट कमी. पहिल्या वर्षी मी भरली वांगी नेली, ती जशीच्या तशी परत आली. चिवडा मात्र दर वेळी संपतो.

६. मुलांचं

जूनमध्ये चर्चांत आठवडाभर सुट्टीतली बायबल शाळा असते. बहुधा फुकट, हस्तकला, गाणी, आइस्क्रीम. मुलांना फार आवडते आणि तिचा हेतू धर्मशिक्षण हाच असतो, हे दोन्ही खरं आहे. आम्ही पाठवतो, रात्री "आज काय सांगितलं?" विचारतो आणि जोडीला ध्रुवबाळाची गोष्ट सांगतो. तुम्ही नाही पाठवलंत तरी कुणी बोलणार नाही, पण त्या आठवड्यात मुलाला खेळायला गल्लीत कुणी सापडणार नाही.

दुसरीत असताना माझ्या मुलाला वर्गमित्राने सांगितलं, "तू नरकात जाणार." मी तणतणत शाळेत निघाले होते. नवऱ्याने थांबवलं. त्या मुलाच्या आईला घरी चहाला बोलावलं, शांतपणे सांगितलं. ती पांढरीफटक पडली. तिच्या मुलाने ते काळजीपोटी म्हटलं होतं. मित्र नरकात जाणार म्हणून तो रात्री झोपला नव्हता! आता दोघं एकाच संघात बेसबॉल खेळतात. सरकारी शाळेने स्वतःहून प्रार्थना घेणं मात्र १९६२च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून घटनाबाह्य आहे. तसं काही झालं तर ते चहावर मिटवायचं नाही, लेखी विचारायचं.

शुक्रवारी रात्री हायस्कूलचं फुटबॉल, म्हणजे अमेरिकन फुटबॉल. खेळ कळो न कळो, जा. आणि "अलाबामा की ऑबर्न?" या प्रश्नाला उत्तर ठरवून ठेवा, कारण नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या शनिवारी या दोन विद्यापीठांचा सामना असतो आणि त्या दिवशी तटस्थ माणसावर कुणी विश्वास ठेवत नाही.

शाळा निवडताना एक लक्षात घ्या. गावोगावी "अकॅडमी" नावाच्या खासगी शाळा आहेत. १९६०-७०च्या दशकांत सरकारी शाळांत काळी आणि गोरी मुलं एकत्र बसू लागली, तेव्हा गोऱ्या मुलांना वेगळं ठेवण्यासाठी यांतल्या कित्येक निघाल्या. आज तिथे शिकवणं चांगलं असेलही. नाव घालण्याआधी स्थापनेचं साल पाहा आणि वर्गात एक फेरी मारून या.

७. दोन गावं, एकच पिनकोड

रविवारी सकाळी अकराचा तास हा ख्रिस्ती अमेरिकेतल्या सर्वांत विभागलेल्या तासांपैकी एक आहे, असं मार्टिन ल्यूथर किंग १९६०मध्ये टीव्हीवरच्या मुलाखतीत म्हणाले होते. आमच्या गावात ते अजून बरंचसं खरं आहे. रुळांच्या पलीकडे काळ्या लोकांची चर्च आहेत: मिशनरी बॅप्टिस्ट, ए.एम.ई. (आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल). दक्षिणेतल्या गोऱ्या बॅप्टिस्टांची "सदर्न बॅप्टिस्ट" ही संघटनाच १८४५मध्ये गुलाम बाळगणाऱ्यांना मिशनरी नेमावं का या भांडणातून निघाली. तिने त्याची जाहीर माफी मागितली ती १९९५मध्ये.

नव्या माणसाची चूक ही होते की जे आधी केक घेऊन येतात त्यांचंच गाव खरं मानतो. मीही दोन वर्षं तसंच केलं. मग दवाखान्यातल्या एका काळ्या नर्सताईंनी त्यांच्या चर्चच्या वर्धापनदिनाला बोलावलं. पांढरे हातमोजे घातलेल्या बायकांनी हात धरून जागेवर नेलं, हातात पंखा दिला. त्यावर एका अंत्यसंस्कारगृहाची जाहिरात होती. उपासना अडीच तास चालली. जायचं तर घड्याळ घरी ठेवा आणि मुलांना आधी खाऊ घाला. दोन तासांवर माँटगोमरीत किंग १९५४ ते १९६० पाद्री होते ते डेक्स्टर अव्हेन्यूचं चर्च आहे, तेही बघून या.

दोन्हीकडे जाऊ लागलात की एकीकडे दुसऱ्यांबद्दलचे टोमणे कानावर येतील, "तुम्ही लोक तसे नाही हो" असं कौतुकही होईल. त्या कौतुकाला मान डोलावू नका.

८. बोली

मोठ्यांना "येस मॅम", "येस सर". नुसतं "येस" उद्धट वाटतं, मुलांना हे पहिल्या दिवसापासून शिकवा. वयस्क बाईंना मिस आणि पुढे पहिलं नाव, आपल्या मावशी-काकूसारखं. "ब्लेस हर हार्ट" म्हणजे कधी खरी कणव, कधी "बिचारीला अक्कल नाही". सूर ऐका. "या की कधी घरी" हे आपल्यासारखंच, दिवस आणि वेळ सांगितल्याशिवाय आमंत्रण नव्हे. आणि "काही आणू नका हं" म्हटलं तरी न्यायचंच. हे शिकवायची गरज पडू नये.

९. हाताशी काय असावं

कागदपत्रं: ड्रायव्हिंग लायसन्स (बस नाही, रिक्षा नाही). सोशल सिक्युरिटी नंबर मिळत नसेल तर त्या ऑफिसचं तसं पत्र, जागोजागी लागतं. मुलांच्या लसीकरणाचं अलाबामाचं निळं कार्ड, शाळेला आणि चर्चच्या बालवाडीलाही. मुलांच्या कार्यक्रमांच्या फॉर्मसाठी ॲलर्जीची यादी आणि अडीनडीला फोन उचलेल अशा एका माणसाचं नाव. त्यात "शाकाहारी" स्वतंत्रपणे लिहा.

वस्तू: झाकणाचं तेरा बाय नऊ इंचाचं ओव्हनचं भांडं, घडीच्या चार खुर्च्या, आभाराची कार्डं आणि टपाल तिकिटं (व्हॉट्सॅपवरचे आभार इथे आभार नव्हेत), कागदी चिकटपट्टी आणि पेन.

१०. घरात मृत्यू झाला की

चिकटपट्टी यासाठी. कॅसरोल म्हटलं की आपल्याला पोळ्यांचा डबा आठवतो. इथे कॅसरोल म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेला, चीज घातलेला पदार्थ, आणि कुणी गेलं, आजारी पडलं, बाळंत झालं की तो दारात येतो. भांड्याच्या बुडाला मालकिणीचं नाव लिहिलेली पट्टी असते. तुम्ही नेताना तुमचीही लावा. गावात कुणी गेलं तर अंत्यविधीच्या आदल्या संध्याकाळी अंत्यसंस्कारगृहात घरच्यांना भेटायला जातात, पाच मिनिटं पुरतात. रस्त्यात अंत्ययात्रा दिसली तर गाडी कडेला घेऊन थांबायचं, समोरून येत असली तरीही.

२०२२मध्ये माझे सासरे यवतमाळला वारले. नवरा एकटा निघाला, मी मुलांना घेऊन इथेच. घरात सुतक, चूल पेटवायचं मन नव्हतं. आपल्याकडे शेजारून पिठलं-भाकरी येते, इथे कोण आणणार, असं मनात आलं. दुपारी दार उघडलं तर ओसरीवर बर्फाची पेटी. तीन दिवसांत सात भांडी आली. एकाच्या झाकणावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: बेकन नाही. ते अक्षर बुधवारच्या फरसबीवालीचं.

भांडं रिकामं परत करायचं नसतं हे दोन्हीकडे सारखंच. पण सुतकात आपण घरातलं अन्न बाहेर देत नाही, त्यामुळे भांडी तेरा दिवस अडकली. तुमच्यावर अशी वेळ आली तर एकीला फोन करून कारण सांगून टाका, बाकी सहा जणींना ती सांगते. तेराव्यानंतर शंकरपाळे भरून मी सहा भांडी घरोघरी पोहोचवली. सातव्याची पट्टी धुताना निघून गेली होती. अशा वेळी दारोदार विचारत फिरू नका. बुधवारी चार वाजता चर्चच्या स्वयंपाकघरात ओट्यावर ते ठेवा आणि बटाटे सोलायला बसा. जेवणं सुरू व्हायच्या आत मालकीण सापडते.